माझ्या नावाचा सोमवार

मी निघाले त्या दिवशी कराडहून मुंबईच्या विमानतळावर सोडायला एक जीप भरून माणसं आली होती. बाबा, दादा-वहिनी, मोठी आत्या आणि मांडीवर पुरी-भाजीचा डबा घेऊन आई. एक्स्प्रेसवेवर गाडी थांबवून सगळ्यांनी डब्याचा फडशा पाडला. आई वाढत होती. मी म्हटलं, "अगं, तू पण घे ना." तर म्हणाली, "माझा सोमवार आहे. आजपासून तुझ्या नावाने सोमवार आणि गुरुवार धरलेत. डिग्री घेऊन घरी आलीस की उद्यापन करू, मग सोडेन." आत्या लगेच भरल्या तोंडाने म्हणाली, "आई असावी तर अशी!" त्या आत्याला तिथेच उतरवून पुढे जावं असं मला वाटलं होतं. अजूनही वाटतं.

कारण मी कशासाठी चालले होते? बायकांनी पोटभर जेवावं हे शिकायला. थट्टा करत नाही. व्यावसायिक क्रिकेट खेळणाऱ्या मुलींचा आहार, हा माझ्या पीएचडीचा विषय. फी माफ, वर स्टायपेंड, आणि काम अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावच्या क्रिकेट मैदानावर. इथल्या मराठी मंडळातल्या काकवा पॉटलकला, म्हणजे घरोघरून डबे आणून केलेल्या जेवणाला, विचारतात, "म्हणजे डाएटिशियन का गं? मग माझं वजन कमी करून दे ना." मी हसून श्रीखंड वाढून घेते. काय सांगणार? माझं सगळं काम उलट्या बाजूचं आहे. मुली कमी खातात, त्यावर तासन् तास बोलिंग टाकतात, मग पाळी थांबते, हाडाला बारीक चीर जाते, आणि सगळे म्हणतात, बॅड लक यार.

मी स्वतः जिल्ह्याकडून खेळले आहे. मॅचहून आले की आमच्या घरी आधी बाबा आणि दादा जेवायचे, मग मी, शेवटी आई. दादाने बॅट कधी हातात धरली नाही, पण अंडी त्याच्या ताटात. "मुलांना लागतं," आई म्हणायची. आणि मुलींना काय, हवा लागते? माझ्या पाठीचं दुखणं घेऊन डॉक्टरकडे गेलो तेव्हा त्यांनी खेळ बंद करायला सांगितलं. ताटात काय असतं, हे कुणी विचारलं नाही. इथे पहिल्याच सेमिस्टरला तो सगळा प्रकार पुस्तकात वाचला आणि लायब्ररीत बसून रडले. दुःखाने नाही, संतापाने.

इथे मुलींना मी शेजारी बसून खायला लावते. माझ्या स्टडीतली रिया जलदगती बोलर आहे, जन्म इथलाच, आईवडील नागपूरचे. स्लिम राहायचं म्हणून ब्रेकफास्ट बुडवायची. "आय अ‍ॅम जस्ट नॉट हंग्री, ताई," हे तिचं पालुपद. महिनाभर तिच्याशी भांडले, तेव्हा कुठे ती प्रॅक्टिसच्या आधी ओट्स आणि केळं खायला लागली. आता तिचा वेग वाढलाय आणि मला बघितलं की लांबूनच रिकामा डबा हलवून दाखवते.

आणि कराडला आई उपाशी. दर फोनला मी तेच. "आई, बास झालं आता." "अगं, तुझं चांगलं चाललंय ना? ते कशामुळे?" आता याला काय बोलायचं! माझा पेपर छापून आला, तो तिच्या सोमवारामुळे. बाबांना म्हटलं, तुम्ही तरी सांगा. तर म्हणाले, "तिला त्यात समाधान मिळतं, आपण कशाला मोडा?" बाबांना समाधान दोन वेळा गरम भाकरीत मिळतं, ते मात्र कधी मोडत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त नाही, हाडं ठिसूळ झालीत, पुन्हा पडली तर खुब्यावर येईल. मला त्यांचं बोलणं समजावून द्यायची गरज नव्हती. मी तिकीट बघायला लागले. प्रोफेसर बाईंनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, व्हिसा स्टॅम्पिंगला अडकलीस तर परत कधी येशील याची खात्री नाही, आणि तू नसलीस तर स्टडी बंद. त्या वाईट बोलल्या नाहीत, खरं तेच बोलल्या. मी गेले नाही. डिग्री हातात नसताना गेले असते तरी आईने उपवास सोडले नसतेच.

शेवटी मी आमच्या गुरुजींना फोन केला. शिकलेली बाई, आहारावर पीएचडी करते, आणि गुरुजींना विचारते की यातून वाट काय. ते म्हणाले, "लेकीने उरलेलं व्रत आपल्याकडे घेतलं तर आईला दोष नाही." मी लगेच घेतलं. आईला ऐकू जाईल असं स्पीकरवर गुरुजींकडूनच वदवून घेतलं. ती "बरं" म्हणाली. त्या दिवशी मला वाटलं, एवढ्या वर्षांत एक तरी गोष्ट मी जिंकले.

पहिल्या सोमवारी मी मैदानावर मुलींना डबे वाटत होते. रियाने विचारलं, "ताई, तुमचा डबा?" सांगावं लागलं. ती बघतच राहिली. "वेट. तुमची मॉम तुमच्या डिग्रीसाठी स्टार्व्ह करत होती, अँड नाऊ तुम्ही करताय? बट तुमची डिग्रीच इज अबाउट ईटिंग!" पोरीने एका वाक्यात माझी अब्रू काढली.

इथे सकाळचे अकरा वाजत आले की तिकडे रात्रीची पानं वाढलेली असतात. गाडीत बसून व्हिडिओ कॉल लावला; रियाही तिचा डबा घेऊन शेजारी येऊन बसली. बाबांचं ताट दिसत होतं, आईसमोर काही नव्हतं. "जेवलीस का?" मी विचारलं. म्हणाली, "तू तिथे उपाशी आणि मी इथे भाकरी मोडू? माझ्या घशाखाली घास तरी उतरेल का?"

म्हणजे आता एकीच्या जागी दोघी उपाशी.

माझं डोकं फिरलं. रियाच्या हातातला डबा ओढून घेतला आणि कॅमेऱ्यासमोर सगळा पास्ता संपवला, रडत, नाक पुसत. आई शेवटच्या घासापर्यंत बघत होती. तिचा चेहरा किती शांत झाला होता!

"बघ, मोडला मी," मी म्हटलं. "आता तू जेव."

"तू जेवलीस ना, माझं पोट भरलं," ती म्हणाली. "मला राहू दे गं. तू मोडलास, आता मला धरायलाच हवा."

तिकडे देशात मागे राहिलेल्या सगळ्यांनो, तुम्ही आम्हाला विचारता ना, घरची आठवण येते का? येते. मला दर सोमवारी आणि गुरुवारी येते. माझं घर म्हणजे एक बाई आहे, जिला मी खाऊ घालू शकत नाही.