टकटक सरांच्या कॉम्प्युटरातला व्हायरस

माझ्या बाबांनी उभा जन्म टायपिंग शिकवण्यात घालवला. मुलं त्यांना पाठीमागे टकटक सर म्हणायची. पानात एक चूक सापडली की अख्खं पान पुन्हा! पोटच्या पोरीलाही सूट नाही. रिटायर झाल्यावर ते घरी बसून लोकांची हस्तलिखितं टाइप करून द्यायला लागले.

गेले काही महिने गिऱ्हाइकं कुरकुरत होती. एकच ओळ तीन-तीनदा यायची, मध्येच भलतीच अक्षरं. बाबांचं पालुपद ठरलेलं, "व्हायरस शिरलाय." मी डॉक्टरांचं नाव काढलं की अंगावर यायचे. "मला वेडा ठरवतेस होय गं?"

आणि परवा फोन आला, आवाजात नुसता आनंद. "लगेच ये! अँटीव्हायरसनेच सांगितलं बघ. लाल पाटी आलीये!"

असले इशारे खरे की खोटे हे तपासायचं, हीच माझी नोकरी. रोज वाटतं, खोटा निघू दे, कटकट मिटेल. परवा मात्र जीव तुटून वाटत होतं, खरा निघू दे एकदाचा.

इशारा त्यांच्या टायपिंगच्या जुन्या प्रोग्रामवर होता. तो दाबलेलं प्रत्येक बटण टिपतो. माहिती चोरणारे प्रोग्रामही तेच करतात, म्हणून संशय. मी ती फाइल इतर अँटीव्हायरसांना दाखवली. कुणाचीच तक्रार नाही. बनवणाऱ्यांच्या मूळ फाइलशी ताडून पाहिली. तंतोतंत तीच. मग सगळा कॉम्प्युटर पालथा घातला. एक मेला व्हायरस सापडेल तर शपथ!

शेवटी माझा लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. "बाबा, हे पान यावर करा बरं."

बोटं अजून तशीच झरझर चालत होती. पहिली ओळ झाली. मग पुन्हा तीच. पुन्हा तीच. बाबा थबकले, पडद्याकडे बघितलं आणि माझ्याकडे वळले.

"अगं, तुझ्यातही शिरला की!"

मला रडू आवरेना. मी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

"खरं सांग," ते हळूच म्हणाले, "व्हायरसच आहे ना?"

"हो बाबा. व्हायरसच आहे."

केवढा सुस्कारा सोडला त्यांनी! लगबगीने उठून मला आपली खुर्ची दिली.

"मग बघत काय बसलीस? काढ तो. उद्या पानं द्यायचीत मला."

मी खुर्चीत बसले. काढायला आत काहीच नव्हतं.