घाट उतरल्याची रिंग

आमची एकच गाडी आहे, सहा चाकी. एका गाडीचा धंदा रिकाम्या फेरीने बुडतो, हे मी पहिल्याच वर्षी शिकले. म्हणून महाडच्या कारखान्यांचा माल घाटावर न्यायचा, येताना वाई-साताऱ्याकडून बटाटा किंवा पेंड आणायची, महाडला ती उतरवली की त्याच दिवशी पुन्हा कारखान्याच्या गेटवर गाडी लावायची. हे गाडी चालवायचे. मी पोलादपूरला घरी बसून फोन सांभाळायचे.

आंबेनळी घाट उतरताना यांच्या दोन रिंगा यायच्या. पहिली घाट लागल्याची, दुसरी उतरल्याची. एकदा वाजवून कापायची, मी उचलायचं नाही. फोनला पैसे पडत तेव्हाची ही रीत. पुढे बोलणं फुकट झालं तरी रीत तीच राहिली. दुसरी रिंग आली की मी बिरवाडीजवळच्या कारखान्यात कळवायची, गाडी दोन वाजता येते. याला आम्ही 'गेट देणं' म्हणायचो. दिलेलं गेट चुकलं की ते लोक पुढच्या खेपेला दुसऱ्याला बोलावतात. म्हणून त्या रिंगेवर माझा दिवस चालायचा. माझ्या फोनात यांचा नंबर 'गाडी' या नावानेच होता.

हे गेले त्या दिवशीही दोन्ही रिंगा आल्या. दुसरी आली तेव्हा माझे हात पिठात होते. पडद्यावर 'गाडी' दिसलं. वाजून थांबलं. हात पुसले आणि गेट दिलं. तासाभराने एका जीपवाल्याचा फोन आला. गाडी घाटातच होती, मधल्या वळणावर, कडेला नीट लावलेली, मागच्या चाकाला दगड. हे स्टेअरिंगवर डोकं टेकून होते. डॉक्टर म्हणाले, हृदय.

दहाव्याला आलेल्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "जीव गेल्यावर पण घाट उतरला म्हणून सांगितलंन गो त्यानं." असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण माझा प्रश्न त्याहून वाईट होता. घाट उतरलाच नव्हता तर रिंग कशाला दिली? मला एकच उत्तर सुचायचं. ती रिंग नव्हती, हाक होती, आणि मी रीतीप्रमाणे उचलली नाही. ती एकदा वाजली की तीनदा, हेही मला सांगता येत नाही. कधी एकदा आठवते, कधी तीनदा. तेव्हाच्या माझ्या साध्या फोनात फक्त रिंग आल्याची वेळ दिसायची, किती वाजली ते नाही.

दीर म्हणाले, गाडी विका. मी विकली नाही. कर्ज फिटत आलं होतं, गिऱ्हाइकं बांधलेली होती. कुडपणचे एक ड्रायव्हर ठेवले, पन्नाशीचे, पूर्वी याच घाटात जीप चालवणारे. गाडीच्या मागे यांचा नंबर रंगवलेला आणि व्यापाऱ्यांना तोच पाठ, म्हणून ते सिमही त्यांच्याकडे दिलं. रिंगांची रीत त्यांनी आपण होऊनच पाळली. तेव्हापासून चार वर्षं 'गाडी' तशीच दोनदा वाजत होती. दुसरीला मी हातातलं काम सोडून उभी राहायची, कापली जाईपर्यंत. मग गेट द्यायची. नाव बदलून 'ड्रायव्हर' करायला अर्धं मिनिट लागलं असतं. केलं नाही.

गेल्या श्रावणात एकदा दुसरी रिंग आली, गेट दिलं आणि गाडी आलीच नाही. फोन लागेना. स्टँडवर कळलं, घाटाच्या खालच्या भागात दरड आली आहे. रिंगेप्रमाणे गाडी दरडीच्या अलीकडे असायला हवी होती. अलीकडे ती कुठेच नव्हती. मी स्कूटर काढली. घाटाच्या पायथ्याच्या कापडे गावापर्यंत रस्ता पाहत गेले, मग वर. दरडीशी दुचाकी जाईल एवढी फट होती. खाली चिरडलेलं काही दिसतं का ते पाहिलं आणि पुढे निघाले.

मधल्या वळणावर गाडी होती. कडेला नीट लावलेली, मागच्या चाकाला दगड. काचेतून वाकलेलं डोकं दिसत होतं.

मी स्कूटर बंद केली. पाय टेकून तशीच राहिले. पुढे जाणं जमेना. मग डोकं वर झालं. ड्रायव्हर भाकरी खात होते.

"वैनी? तुम्ही कशाला आलात? दरड बघितलीत ना खाली? जेसीबी येतोय म्हणतात. रिंग दिल्यावर हितली रेंजबी गेली."

"घाट उतरल्याची रिंग कशी दिलीत?"

"हितूनच देतो की."

"इथून?"

"रोज. हितनं खाली रेंज हाय कुठं? पार पोलादपूरपर्यंत फोन मुका. तिथनं रिंग दिली तर तुम्ही गेट कवा देणार? मी जीपवर होतो तवा शेटनीच दाखवलंय हे वळण. दगड लावायचा, रिंग द्यायची, पाणी प्यायचं, मग खाली."

"दगड रोज लावायचे?"

"हँडब्रेकवर भरवसा नाय म्हणायचे. बायको सोडली तर त्यांचा भरवसा कशावरच नव्हता." ते हसले. मी हसत नाही हे पाहून त्यांनी कांदा पुढे केला. "घ्या, बसा. जेसीबी काय लगेच नाय येत."

मला आधी राग आला. एवढी वर्षं मी अर्धा घाट शिल्लक असताना गेट देत होते, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. राग ओसरला तेव्हा समजलं, त्या दिवशीची रिंगही रोजचीच असेल. थांबणं रोजचं, दगड रोजचा. मला कुणी हाक मारली नव्हती. उतरताना निम्म्या वाटेपर्यंत मी खरोखर हलकी झाले होते.

कापड्याजवळ पाण्याची बाटली आठवली. केबिनमधलं यांचं सामान मीच घरी आणलं होतं. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. ते पाणी मी मोरीत ओतलं होतं. दगड, रिंग, पाणी. दगड लावला होता. पाणी प्यायलं नव्हतं. म्हणजे जे झालं ते रिंगेनंतर लगेच, किंवा रिंग वाजत असताना.

ती किती वेळा वाजली, ते आता मला कुणीच सांगणार नाही.

त्या दिवसाचं गेट चुकलंच. गेट आता मी गाडी पोलादपुरात डोळ्यांनी पाहिल्यावरच देते. त्या उशिरापायी एक कारखाना सुटला; दुसरा मिळवायला पाऊस संपेपर्यंत फिरले. दुसरी रिंग येते, तीही मी आता उचलते. सुरुवातीला ड्रायव्हर वैतागले.

"वैनी, उचलता कशाला? बोलायचं काय?"

"काही नको. पाणी प्या. मी आहे फोनवर."

"पाणी प्यायचं काय ऐकायचं?"

"प्या तुम्ही."

टोपण उघडल्याचा आवाज येतो, मग घोट. दोन, तीन. ते "झालं" म्हणतात. मग मी फोन ठेवते आणि रस्त्यावर जाऊन उभी राहते.