जत्रेच्या दिवशीची पंगत
समाजशास्त्र हा विषय आमच्या सांगलीच्या कॉलेजात तेव्हा शिकवत नव्हते. अर्थशास्त्राचे सर मात्र आपला धडा आटोपला की त्याबद्दल बोलत. घरात कोण आधी जेवतं, कुणाला कुठं बसवतात, कुणाला कशी हाक मारतात, यामागंही नियम असतात आणि ते माणसांनीच केलेले असतात, असं त्यांचं म्हणणं. सुट्टीत घरी जाल तेव्हा पाहुण्यासारखं बघा, असं त्यांनी सांगितलं. वर्गात मुली आम्ही दोघीच. मला ते फार मनापासून पटलं.

सुट्टीत सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेले, तर जत्रा होती. दुसरं महायुद्ध संपून माझे वडील, आबा, नुकतेच घरी आले होते. ते फौजेत हवालदार होते, मोटार चालवायचे. गावच्या महारवाड्यातले त्यांचे एक दोस्तही त्याच तुकडीत होते. वाळवंटात दोघं एकाच गाडीवर होते, एका ताटात जेवले होते. आबा ते सगळ्यांना कौतुकानं सांगत.

जेवणाची वेळ झाली. सोप्यात भावकीची पंगत बसली. दोस्त अंगणाच्या कडेला, लिंबाखाली, आपलं ताट घेऊन एकटेच बसले होते. दर वर्षी तिथं महारवाड्यातलं कुणी ना कुणी बसलेलं असायचं, आणि मला त्यात कधी काही वेगळं वाटलं नव्हतं.

मी वाढता वाढता आबांजवळ वाकले आणि हळूच विचारलं, "आबा, लढाईवर तुमी दोघं एका ताटात जेवत होता. मग इथं त्ये लांब का?"

मला वाटलं, आता रागावतील. पण ते आपलं ताट उचलून उठले, अंगण ओलांडून गेले आणि दोस्ताशेजारी मांडी घालून बसले. दोस्त म्हणाले, "हवालदार, लोक बोलत्याल."

"बोलू द्या. तुमी जेवा."

थोरले चुलते भरल्या ताटावरून उठून गेले. पुढं कितीतरी दिवस भावकीनं आमच्याकडं येणं टाकलं. आबांनी कुणाची मनधरणी केली नाही. कुणी कारण विचारलंच, तर म्हणायचे, "माझ्या लेकीनं इचारलं, मला जबाब देता येईना."

आईला आधी धास्ती वाटली होती. पण दिवाळीला ते दोस्त आले, तेव्हा तिनं त्यांना सोप्यात घोंगडं अंथरलं आणि घरातल्याच कपातून चहा दिला. तिला तसं कुणीच सांगितलं नव्हतं.