इत्तूची शाळा

इत्तूचा बाप अक्रोडाच्या झाडावरून पडला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. फांद्या झोडपून अक्रोड पाडण्यात ॲटलास डोंगरातल्या त्या खोऱ्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पडला तो कमरेखाली कायमचा लुळा झाला. आधी बकऱ्या विकल्या, मग खेचर. घरात उरलं थोडं जवाचं पीठ, आई, इत्तू आणि रांगती धाकटी बहीण तूदा.

तशात मेक्नेसहून फाद्मा मावशी आली. म्हणाली, "शहरात एक चांगलं घर आहे. पोरीची सोबत हवीय त्यांना. शाळेतसुद्धा घालतील."

"खरंच, आई?"

आई पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "हो गं. जा."

इत्तूने रस्ताभर मावशीला शाळेविषयी विचारून भंडावून सोडलं.

त्या घरात तिच्याच वयाची घिता होती. पहिले काही दिवस दोघी जिन्याखाली भातुकली मांडून बसायच्या. एकदा मालकिणीने पाहिलं. "घिता, कामवालीशी खेळतात का? आणि तू गं, हिला लल्ला म्हणायचं. धाकटी मालकीण आहे तुझी."

दुसऱ्या दिवशी घिताने पायातले बूट तिच्यापुढे टाकले. "पूस."

आता ही हसेल म्हणून इत्तू वाट पाहत राहिली. घिता हसली नाही.

रोज सकाळी इत्तू घिताचं दप्तर शाळेच्या फाटकापर्यंत न्यायची आणि परत येऊन फरशी पुसायला बसायची. 'माझी शाळा कधी?' हे तिने बरेच दिवस विचारलं. मग विचारणं सुटलं. कधी, ते तिलाही कळलं नाही.

ती सोळाची झाली आणि ते लोक फ्रान्सला निघाले. इत्तूला गावी धाडून दिलं. आईने तिच्यासाठी चांगला गालिचा अंथरला, चहात साखर सढळ हाताने घातली, पाहुणीला घालावी तशी. बापाने अंथरुणातून विचारलं, "कोण आलंय?"

कोपऱ्यात फाद्मा मावशी बसली होती. शेजारी तूदा, शहरात जायचं म्हणून हातांना मेंदी लावलेली.

इत्तू आईला परसात घेऊन गेली. "आई, शाळा नव्हती तिथं. एक दिवससुद्धा नव्हती."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तू निघालीस तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर रडत गेली असतीस. जायचं तर होतंच. हसत गेलीस, तेवढंच माझ्या हातात होतं."

मावशी परसात आली तशी इत्तूने तिचे पाय धरले. "तूदाऐवजी मला ने."

"तुला कोण ठेवणार, बाई? घरात पुरुषमाणसं असतात. लहानच मागतात सगळे."

इत्तू आत गेली ती तूदाला सगळं सांगायचं ठरवूनच. तूदाने तिचा हात धरून जवळ बसवलं. डोळे नुसते लकाकत होते. "ताई, शाळेत फळा असतो ना? केवढा असतो गं?"

इत्तूने वर पाहिलं. दारात आई उभी होती.

"केवढा? सांग ना!"

"मोठा असतो," इत्तू म्हणाली. "ह्या भिंतीएवढा."

सकाळी तूदा मावशीचं बोट धरून उतार उतरली. वळणावर तिने दोन्ही हात हलवले. ती दिसेनाशी होईतो इत्तू हसरा चेहरा करून उभी होती.