तीन वेळा उघडलेला कार्ब्युरेटर

पेट्रोलच्या वासाने लोकांचं डोकं दुखतं, मला राग येतो. इतक्या वर्षांनंतरही येतो, आणि तो ओसरावा असं मला वाटतही नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही ब्रिस्टलला होतो. नवरा आणि मी पुण्याच्या मेडिकल कॉलेजात एकाच बॅचला. इथे तो एका हॉस्पिटलात सर्जरीला, आणि मी शहराच्या दुसऱ्या टोकाला भूल द्यायला. घरात मोटार एकच आणि ती अर्थातच त्याची. हा ‘अर्थातच’ कुणी उच्चारला नव्हता, तो नुसता होता. दोन बस बदलून मला सव्वा तास लागायचा. शेवटी मी टेस्ट दिली, लायसन्स काढलं आणि अडीचशे सीसीची जुनी जपानी मोटारसायकल घेतली. तिच्यावर वीस मिनिटांत हॉस्पिटल. दिवसातली तेवढी वीस मिनिटं मला कुणी काही विचारू शकत नसे.

हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते गाडीचं लोखंड खातं. म्हणून दिवाळी झाली की गाडी गॅरेजमध्ये झोपवायची आणि गुढीपाडव्याला उठवायची, असा माझा नेम. त्या वर्षी पाडव्याआधीच्या शनिवारी गॅरेजमध्ये गेले तर वास भपकन अंगावर आला. गाडीखाली सिमेंटवर ओला डाग, आणि कार्ब्युरेटरच्या खालच्या नळीतून टप, टप. टाकी मी काठोकाठ भरून ठेवली होती. झाकण काढून पाहिलं तर अर्धीही नव्हती.

नवरा दारात येऊन उभा राहिला. “हे बघ, मला डिफिकल्ट व्हायचं नाहीये. पण बॉयलर इथेच आहे, त्याची फ्लेम चोवीस तास चालू असते. घरात दोन वर्षांची मुलगी आहे. सेन्सिबली विचार कर.”

तो बरोबर बोलत होता, आणि बरोबर बोलणाऱ्या माणसावर चिडायला फार ताकद लागते. माझ्याकडे ती होती. “ईस्टरपर्यंत हे थांबवलं नाही ना, तर विकून टाकते गाडी!” मी ओरडले.

“डील,” तो म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच दुपारी गाडी बाहेर शेडखाली काढून मी कार्ब्युरेटर उघडला. महिनोन् महिने साचलेल्या पेट्रोलचा तपकिरी चिकटा आत बसला होता. कार्ब्युरेटरची वाटी भरली की पेट्रोल अडवणारी एक छोटी सुई असते, तिचं टोक झिजलेलं दिसलं. नवी सुई आणायला दुकानात गेले, तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, “फॉर युअर हजबंड, इज इट, लव्ह?” मी म्हटलं, नाही, हजबंड सुईने माणसं शिवतो, ही माझ्यासाठी. त्याला काही कळलं नाही. सुई मात्र बरोबर दिली.

सुई बसवली, गाडी चालवून आणली, तासभर वाट पाहिली. एक थेंब नाही. गाडी परत आत ठेवली. दोन दिवसांनी सकाळी पुन्हा डाग.

दुसऱ्यांदा उघडला तेव्हा त्या सुईला वर-खाली करणाऱ्या, वाटीत तरंगणाऱ्या फ्लोटची उंची पट्टी लावून मोजली, सगळ्या नळ्या फुंकल्या. तिसऱ्यांदा उघडला, आत काहीच सापडलं नाही, तेव्हा टाकीखालच्या पेट्रोलच्या कॉकवर संशय घेतला. या गाडीचा कॉक इंजिन थांबलं की आपला आपण मिटतो. तो खरंच मिटतो का हे बघायला टाकी काढून विटांवर ठेवली, कॉकखाली जॅमची बरणी लावली आणि दिवसभर तशीच सोडली. संध्याकाळी बरणी कोरडी ठणठणीत. म्हणजे कॉक निर्दोष. सगळं जोडून गाडी आत ठेवली. दोन दिवसांनी खाली डबकं.

मी हातातला पाना भिंतीवर फेकून मारला. दिवसभर या हातांनी मी माणसांना झोपवत होते आणि सुखरूप जागं करत होते, आणि याच हातांना एवढीशी सुई नीट बसवता येत नाही, असं मला खरंच वाटायला लागलं. थिएटरमध्ये सिरिंज भरताना मी लेबल दोनदा वाचत असे. ती चारदा वाचायला लागले.

ईस्टर आला. शब्द दिला होता, म्हणून लोकल पेपरात जाहिरात दिली. शनिवारी एक पन्नाशीचा पोस्टमन गाडी बघायला आला. गळतीचं मी त्याला फोनवरच सांगून टाकलं होतं. मी गाडीचे कागद घेऊन घरातून बाहेर येते तो नवरा, सपाता घालून, मोठ्या उत्साहाने त्याला गाडी दाखवत होता.

“वन थिंग,” तो सांगत होता, “ऑल्वेज टर्न द पेट्रोल ऑफ. माय वाइफ फर्गेट्स. सो आय डू इट एव्हरी ईव्हनिंग.” आणि त्याने टाकीखाली हात घालून, न बघता, सराईतपणे कॉक फिरवला.

पोस्टमन वाकला. “दॅट्स नॉट ऑफ, मेट,” तो म्हणाला. “दॅट्स प्राइम. देअर इज नो ऑफ ऑन दीज.”

पुण्यात स्कूटरच्या कॉकला तीन खुणा असतात: चालू, रिझर्व्ह, बंद. नवऱ्याचे वडील रोज गॅलरीतून ओरडायचे, “कॉक बंद केलास का?” तो हात अजून तेच करत होता. माझ्या गाडीलाही खुणा तीनच होत्या, पण तिसरी होती प्राइम. रिकामा कार्ब्युरेटर भरण्यापुरती ती वापरायची. तिच्यावर इंजिन बंद असलं तरी पेट्रोल वाहतच राहतं. पोस्टमनने सांगितलं, सुई ज्यात बसते ती जागाच जराशी झिजलीय, रात्रभर प्राइमवर ठेवली तर झिरपणारच, एरवी काही होणार नाही. आणि दर वेळी टाकी रिकामी करायला मला कॉक प्राइमवरच हवा असायचा, म्हणून तो आधीच तिथे होता हे मला कधी खटकलंच नव्हतं.

“मला महिनाभर वास येत होता गं,” नवरा मराठीत पुटपुटला. “म्हणून संध्याकाळी गॅरेजमधल्या फ्रीझरमधून काही आणायला गेलो की मी रोज नीट बंद करत होतो. तू मला विचारायचंस ना!”

“माझ्या गाडीला हात लावताना तू मला विचारलंस?” मी त्या परक्या माणसासमोर ओरडले. “तीन वेळा! तीन वेळा मी ती उघडली, आणि तीनही वेळा मला वाटलं की माझंच चुकतंय!”

पोस्टमनला शब्द कळले नाहीत, बाकी सगळं कळलं. गाडी विकायची नाही असं मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “डिडन्ट थिंक सो, लव्ह,” आणि निघून गेला.

पुढे नवरा हा किस्सा गणपतीला जमलेल्या लोकांना रंगवून सांगायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. लोकही हसायचे. मी हसले नाही. मला गाडीचं एवढं वाटत नव्हतं. मी कॉक तपासला, नळ्या तपासल्या, फ्लोट तपासला, माझे स्वतःचे हात तपासले. त्याच्या हातावर संशय घ्यावा हे मात्र माझ्याही मनात आलं नव्हतं, आणि तो राग मला कुणावर काढता येत नव्हता.

त्या शनिवारी, पोस्टमन गेल्यावर, मी हॉस्पिटलातून आणलेली पांढरी चिकटपट्टी टाकीवर कॉकच्या बरोबर वर लावली आणि काळ्या पेनने ठळक लिहिलं: हात लावू नये. आमच्या त्या अख्ख्या रस्त्यावर ती अक्षरं वाचू शकणारा माझ्याखेरीज एकच माणूस होता.