टोपी खाईन

काशिराम पट्टेवाल्याला ‘कदाचित’ हा शब्द मराठीत ठाऊक होता. इंग्रजीत मात्र त्या अर्थाचं काही असेल, असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि मराठी ही त्याच्या मते वांगी घासाघीस करून घेण्यापुरती भाषा. महत्त्वाचं बोलायचं तर इंग्रजीतच.

हे इंग्रजी त्यानं शाळेत नव्हे, स्टुलावर मिळवलं होतं. मुंबईच्या कोटात, म्हणजे फोर्टात, एका बोटकंपनीत साहेबाच्या केबिनबाहेर त्यानं एकवीस वर्षं काढली. घंटी वाजली की आत जायचं, नाही वाजली की झुलत्या दारातून येणारा साहेबाचा आवाज ऐकायचा. साहेब टेलिफोनवर गर्जायचा, “डेड सर्टन, ओल्ड मॅन!” कधी “ॲब्सोल्यूटली!”, कधी “मार्क माय वर्ड्स!” आणि फारच रंगात आला की, “नाहीतर मी माझी हॅट खाईन!” साहेबानं डेड सर्टन म्हटलेली बोट दोन-दोन दिवस उशिरा लागे. दुसऱ्या दिवशी साहेब त्याच छातीठोक आवाजात नवी तारीख देई. हॅट खुंटीवर जशीच्या तशी. काशिरामनं त्यातून जन्माचा धडा घेतला. खरं ठरणं वेगळं आणि खात्री वेगळी. खात्री हा नुसता आवाजाचा खेळ आहे. रंगभूमीवर राजाचं काम करणाऱ्याला कुठे राज्य लागतं? आवाज लागतो आणि डोक्यावर काहीतरी लागतं.

ते ‘काहीतरी’ त्याला सत्तेचाळीस साली मिळालं. साहेब विलायतेला निघाला आणि आपली जुनी, भेंडाची सोला हॅट खुंटीवर विसरला. ती हॅट, खिशातलं साखळीचं घड्याळ आणि पाठ केलेली पंधरा वाक्यं एवढं भांडवल घेऊन काशिराम पनवेलला परतला आणि मोटारअड्ड्यासमोरच्या आपल्या ओट्यावर रोज सकाळी प्रवेश करू लागला. प्रवेशच तो! आधी खाकरणं, मग हॅट, मग तो स्वतः. पट्टेवाला होतो असं तो सांगत नसे. “बोटीच्या कंपनीत होतो,” एवढंच म्हणे. ऐकणाऱ्यानं त्याला केबिनच्या आत बसवलं तर तो दोष ऐकणाऱ्याचा.

नेऱ्याच्या गणूची म्हैस व्यायची होती. काशिराम म्हणाला, “पारडीच होणार. ॲज शुअर ॲज एग्ज इज एग्ज!” म्हणजे काय ते गणूनं विचारलं. “अंडी ती अंडीच, तशी पारडी ती पारडीच.” रेडा झाला. काशिराम म्हणाला, “म्हशीचं चुकलं.” समोरच्या खानावळीतून कृष्णाबाई ओरडली, “काशिराम, तुझी अंडी सडली हो! नाक धरावं लागतंय!”

लोक हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओट्याशी यायचे. कारण खोड एकट्या काशिरामला नव्हती, पनवेललाच होती. मराठीत दिलेला शब्द म्हणजे बोलणं. इंग्रजीत दिला म्हणजे लेख. रोडपालीचा मिठागरवाला दावणीचा बैल विकताना अर्धा तास घोळ घाली आणि शेवटी म्हणे, “काशिरामशेट, तुमी येकदा विंग्रजीत सांगा, म्हंजे पक्का झाला.” काशिराम हॅट सरळ करून म्हणे, “नो डाउट व्हॉटएव्हर!” आणि व्यवहार होऊन जाई. अज्ञानाला आवाज मिळाला की त्याचा अधिकार होतो, याचा प्रयोग त्या ओट्यावर रोज फुकट चाले.

एकावन्न सालच्या हिवाळ्यात एका शुक्रवारी सकाळी जोकबेदबाई त्या ओट्याशी आल्या.

इस्राएल तळ्याजवळ राहणाऱ्या जोकबेदबाई म्हणजे गावाच्या नर्सबाई. निम्मं पनवेल त्यांच्या हातावर जन्मलेलं. बाई विधवा, एकुलती लेक एस्थर. ती आणि तिचा नवरा इस्राएलला कायमचे निघाले होते आणि आठवडाभर आधीच मुंबईत जाऊन राहिले होते. बाईंनी जायचं नाकारलं होतं. “माझी बाळं इथं जन्मायची आहेत,” म्हणाल्या होत्या. लेक पुन्हा दिसेल असं त्यांना वाटत नव्हतं. रविवारी गोदीत जाऊन निरोप द्यायचा, तिला एकदा पोटाशी धरायचं, एवढंच उरलं होतं.

अडचण बारीक होती. शनिवारी शब्बाथ, बेने इस्राएलांचा विसाव्याचा वार. सूर्य मावळून तारे दिसेपर्यंत बाई चूल पेटवत नसत, प्रवास करत नसत. आणि एस्थरनं सांगून ठेवलं होतं, “आई, तुझ्या हातची सांदणं आण.” सांदणाचं पीठ शनिवारी रात्री वाटायचं, रात्रभर फुगू द्यायचं आणि पहाटे वाफवायचं. म्हणजे सहाची पहिली मोटार चुकणार. दुसरी आठला, आणि तिनं गोदी गाठायला सव्वाचार तास.

एस्थरच्या पत्रात लिहिलं होतं, पोचवायला येणाऱ्यांना फाटक बारापर्यंत उघडं. पण बारा कुठले? तेव्हा मुंबईत दोन वेळा नांदत होत्या. आगगाडी चाले स्टँडर्ड टाइमवर. कितीतरी जुनी घड्याळं मात्र मुंबई टाइमला चिकटून होती, त्याच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. काशिरामचं घड्याळही मुंबई टाइमचंच. साहेबाचं तसं होतं ना!

“काशिरामभाऊ,” बाई म्हणाल्या, “तुम्ही बोटीच्या कंपनीत होतात. हे बारा मुंबई टाइमचे की स्टँडर्डचे? मुंबई टाइमचे असतील तर आठची मोटार चालेल. नसतील तर सांदणं राहू देत, मी सहालाच जाते.”

काशिरामला माहीत नव्हतं. हे त्याला स्वतःलाही क्षणभर जाणवलं. पण ओट्याभोवती पाच-सहा माणसं होती आणि डोक्यावर हॅट होती.

“गोदी कुठली? मुंबईची. मग टाइम कुठला? मुंबईचा! डेड सर्टन!”

ओवे गावचा दाजी मुंबईच्या मोटारीवर ड्रायव्हर होता. तो चाक तपासता तपासता म्हणाला, “बाय, पयल्या गाडीनं चला.”

“का रे? तुला काय ठाऊक आहे?” काशिराम.

“मना कायच ठाव नाय. म्हनूनशान सांगतो, लवकर चला.”

“ऐका! ठाऊक नाही म्हणून सल्ला देतो!” काशिरामनं ओट्याकडून हशा वसूल केला. मग बाईंकडे वळून हॅट काढली आणि छातीशी धरली. “जोकबेदबाई, सांदणं करा. बियाँड अ शॅडो ऑफ डाउट. हा काशिराम चुकला, तर ही टोपी खाईन.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना सांदणं करायची होती. ज्याला जे ऐकायचं असतं तेच ठासून सांगणारा माणूस त्याला देवदूत वाटतो. बाई नारळ-तांदूळ आणायला गेल्या.

रविवारी आठची मोटार बाईंना आणि त्यांच्या पितळी डब्याला घेऊन धूळ उडवत गेली. काशिराम दिवसभर ओट्यावरून उठला नाही. साडेअकराला त्यानं जाहीर केलं, “पोचल्या.” पावणेबाराला, “भेटल्या.” घड्याळात बारा वाजल्यावर उभा राहून हॅट हलवली. “आता फाटक बंद. मार्क माय वर्ड्स!” दोन पोरींनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी मोटार परतली. आधी दाजी उतरला. त्याचा चेहरा पाहून काशिरामनं घाईनं विचारलं, “बोट आधीच सुटली का? वाऱ्यामुळे सुटतात कधीकधी. ॲब्सोल्यूट—”

“बोट धक्क्यालाच व्हती. फाटक बंद. परतीच्या गाडीत बाय सांगत व्हत्या, फाटकावरच्या घड्याळात सव्वाबारा. लेक वर कठड्याशी उभी. मान्सांच्या गर्दीत तिला आई दिसली नाय.” दाजी थुंकला. “तुमच्या टायमानं चोवीस मिन्टं बाकी व्हती, शेट.”

मग बाई उतरल्या. काशिरामनं मनात भांडणाची तयारी केली होती. बाई किंचाळतील, शिव्या देतील, मग आपण आवाज चढवू. आवाजाला आवाज, ते त्याला जमलं असतं. पण बाई शांतपणे ओट्यापाशी आल्या आणि पितळी डबा त्याच्यापुढे ठेवला.

“काशिरामभाऊ, टोपी खाणार होतात.”

कुणी हसलं नाही.

“टोपी राहू द्या. कडक असते, बाधेल.” त्यांनी झाकण काढलं. पांढरीशुभ्र सांदणं एकावर एक रचलेली होती, एकही हललेलं नव्हतं. “ही खा. रात्रभर जागून केलीत. उद्यापर्यंत आंबतील.”

“बाई, मी... कंपनीत तेव्हा...”

“खा.”

त्यानं हॅट काढून बाजूला ठेवली. हॅटशिवाय तो पुष्कळ म्हातारा आणि पट्टेवाल्यासारखा दिसला. एक सांदण उचललं, तोंडात घातलं. नारळाचा रस, किंचित गोड. बाई समोर उभ्या. अड्डा उभा. दाजी उभा. त्यानं दुसरं उचललं.

“किती आहेत, बाई?” कृष्णाबाईनं हळूच विचारलं.

“बावीस,” जोकबेदबाई म्हणाल्या. “तिच्या वयाएवढी.”

चौथ्या सांदणाला काशिरामच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाईंनी मग डबा ओढून घेतला, झाकण लावलं आणि उरलेली दाजीच्या हातात दिली. “तुझ्या पोरांना दे.” आणि त्या तळ्याकडे चालू लागल्या, रात्री कुणा दिवस भरलेल्या बाईकडून बोलावणं यायचं होतं.

काशिराम त्यानंतर नऊ वर्षं त्या ओट्यावर बसला. हॅट नव्हती. कुणी मोटारीची वेळ विचारली की तो घड्याळ काढायचा, साखळीसकट समोरच्याच्या हातात द्यायचा आणि मराठीत म्हणायचा, “तुम्हीच बघा. आणि हे एकोणचाळीस मिनिटं मागे आहे.”

घड्याळ पुढे करून घ्यायला त्याला कितीजणांनी कितीदा सांगितलं. त्यानं केलं नाही.