बाबांनी न उघडलेल्या लिंका

दर रविवारी सकाळी मी लोकांना लिंका पाठवते. वाशिमच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. पुस्तकाला हात न लावणारी मुलं निदान मोबाइलवर तरी काही बरं वाचतील, या भाबड्या आशेनं हा उद्योग सुरू झाला. आठवडाभर मी इंटरनेटवर चरत असते. कुणीतरी जुन्या लिफ्टचे आवाज जमवून ठेवलेले असतात. गालिचा विणण्यात आणि संगणकाच्या भाषेत काय सारखं आहे, ते कुणी लिहिलेलं असतं. असलं काही सापडलं की मला कोण आनंद होतो! मुलांनी यातलं एकही उघडलं असेल असं वाटत नाही. पण मुलांनंतर सहकारी आले, मग चुलत-मावस भावंडं आली, आणि आई गेल्यावर मी त्या यादीत बाबांचा नंबर घातला.

खरं सांगायचं तर त्यानंतर मी लिंका बाबांसाठीच पाठवत होते. आई होती तेव्हा फोन तीच करायची, बोलायचीही तीच, आणि शेवटी "घ्या, पोरीसंग बोला" म्हणून फोन त्यांच्या कानाला लावायची. ती गेल्यावर फोन मी करू लागले. "जेवली काय?" "जेवली. तुमी?" "जेवलो. ठेवतो मंग." एवढ्यात आटपायचं. त्यांनी आपणहून मला एकदाही फोन केला नव्हता. मला वाटायचं, एखादी लिंक त्यांना इतकी आवडेल, नाहीतर तिचा इतका राग येईल, की ते स्वतः फोन लावतील आणि विचारतील, हे काय पाठवलं वं? मला बाकी काही नको होतं.

उत्तर मात्र लगेच यायचं. जोडलेले हात. लिंक गेली रे गेली की हात हजर. यंत्राला विनोद का कळत नाही, यावरचा एक लेख वाचायला मला स्वतःला दोन बैठका लागल्या होत्या. त्यालाही मी पाण्याचा घोट घेईपर्यंत हात जोडून आले. तेव्हा मला संशय आला. मी फोन करून सरळच विचारलं, "बाबा, उघडता ना तुमी?"

"बँकवाली बाई फोनवर सांगते ना, अनोळखी लिंक दाबू नका म्हनून."

"पन पाठवली तं म्या! मी काय अनोळखी हाये?"

"तू नाई अनोळखी. लिंक अनोळखी हाये. ठेवतो मंग."

मी हट्टाला पेटले. गावी जायचं आणि त्यांच्या बोटानं, माझ्या डोळ्यांदेखत, एक तरी लिंक दाबून घ्यायची. पुढच्याच रविवारी वाशिमहून गाडीत बसले. गाडीतूनच त्या दिवसाची लिंक धाडून दिली. कुणीतरी जगभरातल्या बंद पडलेल्या सार्वजनिक घड्याळांचे फोटो गोळा केले होते, ती. हात आले. जऊळक्याला उतरून मी ऑटोनं गावच्या फाट्यापर्यंत पोचले.

फाट्यावर चाचांचं किराणा दुकान आहे. चाचा म्हणजे बाबांचे लहानपणचे दोस्त. मला पाहताच ते गल्ल्यावरून उठून रस्त्यावर आले. "बेटी, तुम्हारी वो पानीवाली लिंक एकदम सही निकली! गिऱ्हाईक आया के पहले पानी पिलाता, फिर भाव बताता. अब कोई झगडाच नहीं करता."

मला पाण्याची कुठलीच लिंक आठवेना. पण मोठं माणूस कौतुक करत असताना खोडून काढू नये, एवढं वळण मला आहे. मी हो हो म्हणाले, पाणी प्यायले आणि निघाले.

गल्लीच्या तोंडाशी शेजारच्या काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "आली काय? ये, पाह्य तुह्यं इंटरनेट," म्हणत त्यांनी माझा दंड धरला आणि मला थेट गोठ्यात नेलं. खांबाला आरशाची रिकामी चौकट टांगलेली होती. खाली काचा एका कोपऱ्यात झाडून ठेवल्या होत्या. शेजारी कपाळावर हळदीचा लेप लावलेली बकरी उभी होती.

"बकरीले आरसा दाखवला का दूध वाढते, हे तूच सांगतलं ना? तिनं आरशातल्या बकरीले टक्कर मारली. माह्या लग्नातला आरसा होता तो!"

"काकू, म्या कवा सांगतलं?"

"मांगच्या हप्त्यात. तुह्या बापानं सांगतलं सगळ्यायले, लेकीची लिंक हाये म्हनून."

मागच्या आठवड्यात मी गालिचा आणि संगणकाचा लेख पाठवला होता. त्यात बकरी नव्हती, आरसा तर नव्हताच. मी काकूंना ते समजावून सांगायला लागले, तर त्या म्हणाल्या, "आता गालिचा घालतं काय बकरीच्या आंगावर?" बकरीही माझ्याकडेच बघत होती. तिचा राग मला समजत होता. मी नवा आरसा आणून द्यायचं कबूल केलं आणि बाबांना शोधत विहाराकडे गेले.

इथं फळ्याबद्दल सांगायला हवं. बाबा शाळेत शिपाई होते. रोज सकाळी फळ्यावर सुविचार लिहायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि ते त्यांनी उभी नोकरी केलं. निवृत्त झाल्यावर विहाराच्या भिंतीवरचा फळा त्यांनी ताब्यात घेतला. फळा रिकामा राहिलेला त्यांना सहन होत नाही. पण सुविचार कितीही असले तरी संपतात, आणि जुने पुन्हा लिहिले की लोक ओळखतात. हे मला माहीत होतं. सुविचार संपल्यावर त्यांनी काय केलं, ते मात्र मला त्या सकाळी समजलं.

फळ्यावर माझी लिंक होती. आज गाडीतून पाठवलेली. निळ्या खडूनं लिहिलेली. एचटीटीपीएस, मग दोन तिरप्या रेघा, मग मोठी-छोटी इंग्रजी अक्षरं, मधेच आकडे, टक्क्याची खूण, प्रश्नचिन्ह, सगळं जसंच्या तसं, मोत्यासारख्या अक्षरात, फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाली निळी रेघही ओढलेली. वंदना नुकतीच संपली होती आणि लोक फळ्यापुढे जमले होते.

"मांगची लय लांब होती," एक म्हातारबा म्हणाले.

"हे आखूड हाये, पन कडक हाये," दुसऱ्यानं मत दिलं. मग त्यानं पुढे होऊन ती लिंक बोटानं दाबली आणि बोटाला लागलेला खडू धोतराला पुसला. "पाहा, काही होत नाई. फळ्यावर धोका नसते."

"पन आत काय हाये?" एका बाईनं विचारलं.

बाबा फळ्याशेजारी हात मागे बांधून उभे होते. त्यांनी घसा साफ केला. "माही पोरगी म्हनते, भांडन झालं का लगेच बोलू नका. दोघंबी गावाले एक एक चक्कर मारून या. मंग बोला." माणसं माना डोलवू लागली. बाबांना बोलताना मी इतकं मोठं वाक्य कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी मला पाहिलं, थोडे चपापले, आणि फळ्याच्या कडेचा नसलेला खडू पुसू लागले.

घरी येईपर्यंत मी दम धरला. दार लोटलं आणि सुटलेच. "न उघडता काय वाट्टेल ते सांगता तुमी! माह्या नावावर! बकरीचं डोकं फुटून गेलं असतं!"

बाबांनी चहाचं आधण ठेवलं.

"तू काही लिहीतच नाई त्यात," ते म्हणाले. "नुसती निळी ओळ येते. लोकं इचारतात, लेक काय म्हनते? आता लेक काहीच म्हनत नाई, असं सांगू काय मी लोकायले?"

मी कपबशा काढल्या.

"मंग तू काय म्हनली असती, ते मीच ठरवतो."

"अन् बकरी?"

"ते जरा जास्तीच झालं," त्यांनी कबूल केलं आणि चहात साखर टाकली.

मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, कारण त्यांचं म्हणणं मला खोडता येईना. जगभरातल्या लोकांचं म्हणणं मी त्यांना पोचवलं होतं, माझं सोडून. लिंक दाबून घ्यायची राहूनच गेली. चहा पिऊन मी काकूंना आरसा आणून दिला. तो त्यांनी बकरीपासून लांब, स्वयंपाकघरात लावला. संध्याकाळच्या गाडीनं मी परत आले.

पुढच्या रविवारी सकाळी मी मोबाइल हातात घेऊन कितीतरी वेळ बसले. लिंका तयार होत्या, चांगल्या होत्या. त्या बाजूला ठेवल्या आणि टाइप केलं: "या आठवड्यात मन लावून काही वाचलं नाही. वांगी करपली, तशीच खाल्ली. पाय दुखतो आहे." आणि सवयीप्रमाणे सगळ्यांना पाठवून दिलं. प्राचार्यांनी अंगठा पाठवला. एका सहकाऱ्यानं लिहिलं, "मॅडम, लिंक उघडत नाही, परत पाठवा." मावसभावाला तर माझा मोबाइल कुणीतरी चोरला असं वाटलं.

बाबांचे जोडलेले हात आले नाहीत. मी अंघोळ करून आले, तरी नाहीत. आता मी घाबरले. बाबांना बरं नाही का, की मी त्यांचा फळा रिकामा ठेवला म्हणून ते रागावले? मी फोन लावणार, तेवढ्यात फोनच वाजला. पडद्यावर त्यांचं नाव होतं. मला वाटलं, दुसऱ्याच कुणीतरी वाईट बातमी द्यायला त्यांच्या मोबाइलवरून फोन लावलाय.

पलीकडे बराच गलका होता.

"मी फळ्यापाशी हाये," बाबा म्हणाले. "लिहिलं फळ्यावर. लोकं इचारून राह्यले, कोनता पाय?"

"डावा," मी म्हणाले.

"डावा हाये," त्यांनी तिकडे सांगितलं. गलका वाढला. कुणी शेक सांगत होतं, काकू तर ओरडूनच एरंडाचं पान बांधायला सांगत होत्या. बाबांचा आवाज त्या सगळ्यांवर चढला. "तोच तो पाय. दुसरीत होती, तवा फाट्यावर पडली होती. खांद्यावर बसवून आनली होती म्या."

हे मला आठवत नव्हतं. मी फोन कानाला घट्ट धरून उभी होते. "ठेवतो मंग" कधी येतं, त्याची मी वाट बघत होते. गलका थोडा मागे पडला. ते विहाराच्या बाहेर आले असावेत.

"हं," बाबा म्हणाले. "अजून सांग."